कागदावरची बंदूक

आजच्या भागाचा विषय माझ्या टेबलावरच पडलाय. एक मोठा कागद, चार पेन्सिली, एक खोडरबर आणि कागदावर अर्धवट झालेली एके-४७. दिवसभर कोड लिहायचा आणि रात्री बंदुकांची पेन्सिल-चित्रं काढायची, हा माझा लॉकडाऊनपासूनचा छंद. आई अजूनही विचारते, "गणपती काढ, निसर्गचित्र काढ, हे काय काढत बसतोस?" इतके दिवस मी उत्तर टाळत होतो, कारण खरं सांगायचं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता थोडंफार आहे.

सुरुवात अगदी साधी झाली. २०२० साली आमचा अख्खा ग्रुप पबजीवर असायचा. सप्टेंबरमध्ये बंदी आली, गेम गेला आणि माझ्या गॅलरीत उरले ते बंदुकांचे स्क्रीनशॉट. त्यातली एक एकेएम समोर ठेवली आणि काढायला बसलो. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला वस्तुचित्रात तांब्या-पेला आणि मागचा पडदा काढलेला, तेवढाच काय तो अनुभव. चार-पाच रात्री गेल्या. लोखंडाची चमक जमली, लाकडाच्या रेषा जमल्या. स्टेटसला टाकलं, भरपूर कौतुक झालं.

मग सुट्टीत रहिमतपूरला आलो, तेव्हा आमच्या शेजारच्या आप्पांना ते चित्र दाखवलं. आप्पा म्हणजे रिटायर्ड फौजी, काश्मीरमध्ये नोकरी केलेले. त्यांनी चष्मा पुसला, कागद लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाले, "चित्र झ्याक हाय पोरा. पर ही बंदूक उडायची न्हाय."

"का ओ आप्पा?"

"हिचं कॉकिंग हँडल डाव्या अंगाला कसं आलं? ते उजवीकडं असतंय. रिकामं काडतूस पण उजवीकडनंच बाहेर पडतंय. तू पाहिलंयस का कधी हिला?"

नव्हतं पाहिलं. चित्रात नळी डावीकडे बरी दिसेल म्हणून मी स्क्रीनशॉट फ्लिप केला होता, बस. एवढ्या रात्री जागून, प्रत्येक स्क्रूवर शेडिंग करून मी जगात नसलेली बंदूक काढली होती. आपल्या भाषेत सांगायचं तर कोड सुंदर, पण कंपाइलच होणार नाही.

त्या दिवसापासून एक नियम केला: जो भाग काढायचा तो कशासाठी आहे, हे कळल्याशिवाय त्यावर पेन्सिल ठेवायची नाही. या नियमानं चित्रं सुधारली की नाही ते तुम्ही ठरवा, पण मला इतिहास वाचायला लावला. आणि गंमत म्हणजे त्यातला बराचसा इतिहास आमच्याच जिल्ह्यातला निघाला. आज त्यातल्या पाच गोष्टी सांगतो. एकेका भागाची एकेक गोष्ट.

पहिला भाग: पेन्सिल

हो, पेन्सिल बंदुकीचा भाग नाही. पण तिची सोयरीक तोफखान्याशी आहे.

सोळाव्या शतकात इंग्लंडच्या उत्तरेला बॉरोडेल नावाच्या खोऱ्यात एकदम शुद्ध ग्रॅफाइटची खाण सापडली. लोकांना वाटलं हे काळं शिसं आहे, म्हणून आजही आपण पेन्सिलीतल्या कांडीला शिसं म्हणतो, त्यात शिसं अजिबात नसलं तरी. मेंढपाळ त्यानं मेंढ्यांवर खुणा करायचे. पण सरकारला त्याचा वेगळाच उपयोग कळला. तोफेचे गोळे ओतायच्या साच्यांना आतून ग्रॅफाइट लावलं की गोळा गुळगुळीत निघतो. गोळा गुळगुळीत आणि गोल, म्हणजे तो लांब जातो आणि नीट जातो. मग काय, खाणीवर पहारे बसले. १७५२ मध्ये तर या खाणीतून ग्रॅफाइट चोरणं हा गंभीर गुन्हा ठरवणारा कायदाच झाला.

पुढे फ्रान्स आणि इंग्लंडचं युद्ध पेटलं, आणि फ्रान्सला इंग्लंडचं ग्रॅफाइट मिळेना. तेव्हा निकोला-जाक कॉन्टे या माणसानं हलक्या प्रतीच्या ग्रॅफाइटची पूड चिकणमातीत मिसळली, कांड्या केल्या आणि भट्टीत भाजल्या. १७९५ मध्ये त्याला पेटंट मिळालं. माती जास्त तर कांडी कडक, माती कमी तर मऊ आणि काळी. तुमच्या कंपासपेटीतल्या एचबी, टूबी, सिक्सबीमागे आजही मुळात हीच युक्ती आहे. एका युद्धातल्या टंचाईतून ती आली.

त्याच दशकात आपल्याकडे पुण्यात काय चाललं होतं बघा. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट पेशव्यांच्या दरबारी होता. त्याच्याबरोबर जेम्स वेल्स हा चित्रकार आला आणि शनिवारवाड्यात चित्रकलेचं शिक्षण सुरू झालं. तिथं तयार झालेला आपला माणूस म्हणजे गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट. त्यानं वेरूळची लेणी काढली, पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला. समोर जे दिसतंय ते, छाया-प्रकाशासकट, मापात. आपण आज रेफरन्स समोर ठेवून जे करतो, ते करणाऱ्या आपल्याकडच्या अगदी सुरुवातीच्या माणसांपैकी हा एक.

आणि पेन्सिल घराघरात पोचवणाऱ्यांतही मराठी नाव आहेच. कॅमलिन १९३१ मध्ये मुंबईत दांडेकर बंधूंनी सुरू केली. आधी शाई, मग बाकी सगळं.

दुसरा भाग: तोडा

रहिमतपुरात एक जुनी मशीद आणि कबर आहे. ती रणदुल्लाखानाची मानली जाते. हा आदिलशाहीतला मोठा सरदार. १६३८ मध्ये बंगळूरच्या मोहिमेत शहाजीराजे त्याच्याबरोबर होते. त्याचाच मुलगा रुस्तुमेजमान. २८ डिसेंबर १६५९ ला कोल्हापूरजवळ शिवाजी महाराजांनी ज्याचा पराभव केला, तोच तो. त्या इमारतींजवळून लहानपणी शेकडो वेळा गेलो असेन. पण एकदा वाटलं, त्या काळचा शिपाई इथं उभा असता तर त्याच्या हातातली बंदूक कशी असती? तीच काढू.

पहिलं स्केच मोबाइलवरच्या एका पोस्टरवरून काढलं. पोस्टरमध्ये मावळ्याच्या हातात बंदूक होती आणि तिला वर चकमकीचा दगड धरणारा घोडा होता. आप्पांचा आवाज कानात होताच, म्हणून आधी वाचलं. तर चकमकीची बंदूक आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर दिसते ती अठराव्या शतकात, गारदी आणि कवायती पलटणींच्या काळात. महाराजांच्या काळातल्या शिपायाच्या हातात बहुतेक तोड्याची बंदूक असणार.

तोडा म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली दोरी. ती भडकत नाही, उदबत्तीसारखी धुमसत राहते. चाप ओढला की धुमसतं टोक बंदुकीच्या कानाकडे झुकतं, तिथल्या रंजकेला लागतं आणि बार होतो. दस्ता सडपातळ, जवळजवळ सरळ. नळी लांबलचक. नळीखाली गज, म्हणजे दारू आणि गोळी ठासायची सळई.

आता हे काढायला घेतलं तेव्हा प्रश्नांची रांगच लागली. तोडा पेटता ठेवायचा, म्हणजे कमरेला दारू असताना हातात विस्तव. पावसात काय? आपल्याकडचा पाऊस म्हणजे चार महिने. तोडा विझला की हातात फक्त लोखंडाची नळी उरते. रात्री घाटात दबा धरायचा तर अंधारात ते लाल टोक लांबून दिसणार, जळक्या दोरीचा वास येणार. तलवार आणि भाला एवढे का टिकले, याचं उत्तर मला पुस्तकातल्या कुठल्या प्रकरणापेक्षा त्या दोरीचं जळकं टोक फोरबीनं काढताना जास्त नीट कळलं.

आणि आपली भाषा बघा. एखादी गोष्ट आपण ठासून सांगतो. एखाद्याची आयडिया फुसका बार निघते. कुणी दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून गोळी मारतो. तोफ निकामी करायची तर तिच्या कानात खिळे ठोकायचे. ठासणीच्या बंदुका कधीच गेल्या, पण ऑफिसच्या मीटिंगमध्ये आपण अजून ठासतोच आहोत.

तिसरा भाग: नेमाची पट्टी

मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं १८५७ साली. त्याच वर्षी उत्तरेत एका काडतुसावरून आग पेटली. एन्फिल्ड रायफलीचं कागदी काडतूस, त्याला लावलेली चरबी, ते दातांनी तोडण्याची सक्ती, ही गोष्ट आपण शाळेतच शिकलो. साताऱ्यातही तेव्हा धुमसत होतं. १८४८ मध्ये डलहौसीनं साताऱ्याचं राज्य खालसा केलं होतं आणि रंगो बापूजी गुप्ते त्याविरुद्ध आधी लंडनपर्यंत जाऊन झगडले, मग इथं उठावाच्या तयारीला लागले. कट फुटला. ८ सप्टेंबर १८५७ ला साताऱ्यात गेंडामाळावर १७ जणांना मारलं. काहींना फाशी, काहींना तोफेच्या तोंडी, काहींना गोळ्या. त्यात रंगो बापूजींचा मुलगा सीतारामही होता.

मी ठरवलं, ती एन्फिल्ड काढायची. १८५३ च्या नमुन्याची. या बंदुकीच्या नळीवर मागच्या बाजूला एक छोटी पट्टी असते, वर उचलता येणारी, त्यावर अंतराचे आकडे. शत्रू किती लांब आहे त्याप्रमाणे पट्टी सरकवायची आणि नेम धरायचा. काढायला फार किचकट, थ्रीएच पेन्सिलीचं काम.

मग १८५७ नंतर हिंदी शिपायांना दिलेल्या बंदुकीचा फोटो मिळाला. पहिल्या नजरेत तीच बंदूक. तोच दस्ता, तोच घोडा, नळीवर तशाच कड्या. पण ती पट्टी नव्हती. तिच्या जागी एक साधा, न हलणारा ठोकळा. आधी वाटलं तुटली असेल. तुटली नव्हती, मुद्दाम तशी बनवली होती. उठावानंतर इंग्रजांनी हिंदी पलटणींसाठी वेगळा नमुना केला. गोळीला फिरकी देऊन ती लांबवर अचूक नेणाऱ्या ज्या खाचा नळीच्या आत असतात, त्या यात नव्हत्या. आतून नळी गुळगुळीत. मग लांबचा नेम धरायची पट्टी तरी कशाला हवी?

म्हणजे शिपाई हवा, त्याच्या हातात बंदूकही हवी, पण ती गोऱ्या शिपायाच्या बंदुकीइतकी लांब आणि अचूक मारणारी नको. एका साम्राज्याचा आपल्याच सैन्यावरचा अविश्वास त्या ठोकळ्यात दिसतो. आधीची बंदूक रेघ न रेघ काढली नसती, तर माझ्या तो फरक लक्षातच आला नसता. फोटोवरून बोट सरकवून पुढे गेलो असतो.

चौथा भाग: दोन टोकं

१८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला शस्त्र बाळगायचं तर परवाना हवा, युरोपीय माणसाला मात्र त्यातून सूट. स्वातंत्र्यानंतर १९५९ मध्ये नवा कायदा झाला, तो सगळ्यांना सारखा. परवाना आजही लागतो आणि लागायलाच हवा असं माझं मत आहे. पण १८७८ नंतर सामान्य माणसाच्या आयुष्यात बंदूक उरली ती मुख्यतः दोन जागी: एकतर पलटणीत भरती झालात तर तुमच्या हातात, नाहीतर सरकारच्या हातात तुमच्या समोर.

सातारा जिल्ह्यानं या दोन्ही जागा पाहिल्या. साताऱ्याजवळचं अपशिंगे, ज्याच्या नावापुढे लोक मिलिटरी लावतात, त्या एका गावातले ४६ जवान पहिल्या महायुद्धात गेले. गावात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. ते बंदुकीच्या दस्त्याकडच्या बाजूला उभे होते, कुणा दुसऱ्याच्या साम्राज्यासाठी.

आणि ९ सप्टेंबर १९४२. रहिमतपूरच्या पूर्वेला खटाव तालुक्यातलं वडूज. लोक तिरंगा घेऊन कचेरीवर निघाले होते. पोलिसांनी गोळीबार केला. परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण गेले. पुढे याच जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं, त्याची मुळं अशाच दिवसांत आहेत.

बंदुकीचं चित्र आपण नेहमी बाजूनं काढतो. आडवी, लांब, ऐटबाज. गेममध्येही निवडताना ती तशीच दिसते. वडूजबद्दल वाचल्यावर मी एकदा रायफल समोरून काढायचा प्रयत्न केला. म्हणजे नळीचं तोंड आपल्याकडे. ड्रॉइंगच्या हिशेबात हे सगळ्यात अवघड, कारण सगळी लांबी आकसून एका वर्तुळात येते. मध्ये एक काळा गोल. त्याला सिक्सबी दोनदा फिरवली, तरी पुरेसा काळा होईना. दिसायला ते चित्र काही भारी झालं नाही, स्टेटसलाही टाकलं नाही. पण वडूजच्या त्या माणसांनी बंदूक बघितली ती या बाजूनं. एवढं कळायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

पाचवा भाग: नळी

आता परत टेबलावरच्या एके-४७ कडे.

मिखाइल कलाश्निकोव्ह या रशियन सैनिकाची ही रचना. १९४९ मध्ये सोव्हिएत सैन्यानं स्वीकारली. पबजीतली एकेएम ही तिचीच १९५९ मधली सुधारित आवृत्ती. काढायला हिच्यात तीन गोष्टी महत्त्वाच्या. वाकडी मॅगझीन, नळीच्या वरून जाणारी गॅसची दुसरी छोटी नळी आणि डाव्या हातानं धरायचं पुढचं लाकूड. आप्पांच्या शाळेत गेल्यामुळे मी विचारलं, हे लाकूड कशासाठी? उत्तर सोपं आहे. गोळ्या सुटल्या की नळी प्रचंड तापते. उघड्या नळीला हात लावता येत नाही, म्हणून चालवणाऱ्याच्या हातासाठी लाकडाची सोय.

आणि मग मला तुकाराम ओंबळे आठवले.

ओंबळे आमच्याच जिल्ह्यातले, जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे. आधी सैन्यात होते, मग मुंबई पोलिसात सहायक उपनिरीक्षक. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. सीएसटी स्टेशनवर काही पोलिसांच्या हातात तेव्हा थ्री नॉट थ्री होती, म्हणजे महायुद्धांत वापरली गेलेली रचना. समोर एके-४७. त्यानंतर गिरगाव चौपाटीजवळच्या नाकाबंदीवर कसाबची गाडी अडवली गेली. ओंबळेंच्या हातात फक्त लाठी होती. ते पुढे झाले आणि त्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरली. गोळ्या सुटल्या, त्या ओंबळेंच्या अंगात घुसल्या. त्यांनी नळी सोडली नाही. तेवढ्या वेळात सहकाऱ्यांनी कसाबला जिवंत पकडलं. ओंबळे गेले. २६ जानेवारी २००९ ला त्यांना मरणोत्तर अशोकचक्र जाहीर झालं.

हे सगळं मी शाळेत असल्यापासून ऐकलंय. दर नोव्हेंबरला फॉरवर्ड येतात, मीही पुढे पाठवतो. पण 'नळी धरली' म्हणजे काय धरलं, हे मला चित्र काढताना समजलं. मी लाकडाच्या रेषा संपवून उघड्या नळीवर आलो, पेन्सिल थांबली. इथं लाकूड नाही. बनवणाऱ्यानं चालवणाऱ्याच्या हाताचा विचार केला. या बाजूनं कुणी हात लावेल, हे त्याच्या हिशेबातच नव्हतं.

म्हणून आईला आता सांगतो ते असं. मला बंदूक विकत घ्यायची नाही, चालवायची नाही. गेममध्ये मी तिच्याकडे हजार तास बघितलं आणि काहीच दिसलं नाही. कागदावर एका बंदुकीला तीस-चाळीस तास लागतात आणि तेवढा वेळ ती तुम्हाला सोडत नाही. कुणी बनवली, कुणाला दिली, कुणाला दिली नाही आणि समोर कोण होतं, हे सगळं विचारायला लावते. गणपतीही काढीन, पण हेही काढू दे.

तुम्हाला करून बघायचं असेल तर महागड्या सेटची गरज नाही. एचबी, टूबी, फोरबी, सिक्सबी आणि एक चांगला खोडरबर पुरे. स्क्रीनशॉटवरून नका काढू. साताऱ्याच्या शिवाजी महाराज संग्रहालयात जा, शस्त्रांसमोर उभे राहा, एकच भाग निवडा आणि तेवढाच काढा. वेळ असेल तर तिथून औंधला जा. स्वतः ब्रश हातात धरणाऱ्या भवानराव पंतप्रतिनिधी राजांनी १९३८ मध्ये उभारलेलं भवानी संग्रहालय यमाईच्या डोंगरावर आहे. बंदुकीसाठी नाही, बघायचं कसं ते शिकण्यासाठी जा. आणि तुमच्या गल्लीत कुणी रिटायर्ड फौजी असतील तर चित्र पूर्ण व्हायच्या आधी त्यांना दाखवा. चूक तेच काढतील.

नवी एके-४७ मी मागच्या महिन्यात आप्पांना दाखवली. अजून अर्धीच आहे, नळी कोरी. त्यांनी कॉकिंग हँडल उजवीकडे आहे ना, ते आधी तपासलं. मग कोऱ्या जागेकडे बघून म्हणाले, "हितं काय न्हाय काढलंस?"

म्हटलं, "ओंबळेंचे हात काढायचेत आप्पा. जमत नाहीयेत अजून."

आप्पा थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग स्वतःचे दोन्ही हात पुढे केले, मुठी वळल्या, जणू काही धरलंय असं. "हे बघून काढ," म्हणाले.

तेच काढतोय सध्या. भेटू पुढच्या भागात.